गोणपाटाची झूल

हिरेबन्नूरात कुत्र्यामांजराला काही झालं की लोक आधी दुंडव्वाच्या पिठाच्या गिरणीवर येत आणि मग मुधोळच्या सरकारी दवाखान्यात. गिरणीचा पट्टा फडफडत असतानाच ती पिठाळ हात लुगड्याला पुसायची, जनावराचा ओठ वर करायची आणि हिरड्या बघायची. हिरड्या पांढुरक्या दिसल्या की कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायची. कान झाडणाऱ्या कुत्र्याच्या कानाचा वास घ्यायची. ढुंगण घासत चालणाऱ्याच्या शेपटीखालच्या गाठी दाबून मोकळ्या करायची. पण बोका राखेत बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं कुणी सांगितलं, तर ती हातही लावत नसे. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या, उद्यावर टाकू नका, एवढंच म्हणे. आपल्याला काय येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि दवाखान्याचे डॉक्टर नदाफ तिला मान देत ते त्यासाठीच.

हे सगळं तिला वडिलांकडून आलेलं. त्या भागात घरोघरी लांब तोंडाची, पोट पाठीला चिकटलेली शिकारी कुत्री असतात. वडिलांनी जन्मभर तीच पाळली. आई गेली तेव्हा दुंडव्वाचा धाकटा भाऊ अडिवेप्पा नुकता रांगत होता. एका मांडीवर त्याला घेऊन तिने भाकऱ्या थापल्या. पुढे तिचं लग्न गावातच झालं, त्यामुळे भाऊ तिच्या नजरेआड असा कधी गेलाच नाही. नवरा वारला, एकुलती एक ललिता लग्न होऊन दांडेलीला गेली, तरी संध्याकाळी अडिवेप्पा गिरणीच्या ओट्यावर येऊन बसायचाच. कुत्र्यांचं जे काही तिला येत होतं ते तिने त्याला शिकवलं होतं. गोळी जिभेच्या मुळाशी कशी ठेवायची, झटके येणाऱ्या जनावराच्या तोंडात पाणी का ओतायचं नाही, खरजेला करंजाच्या तेलात गंधक कसा कालवायचा.

केंची तिची शेवटची कुत्री. अंगाने तांबूस, आणि कानडीत केंपु म्हणजे तांबडा, म्हणून केंची. पिल्लू असताना तिला रक्ताची हगवण लागली होती. सोबतची भावंडं गेली, ही दुंडव्वाच्या चमच्याने थेंब थेंब साखरमिठाचं पाणी पीत आणि डॉक्टरांच्या सलाइनवर तगली. मोठी झाल्यावर उसाच्या ट्रॅक्टरने तिला उडवलं. कमरेचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दोघा बहीणभावांना दाखवला. आतली वाट अरुंद झाली आहे, ते म्हणाले, हिला पिल्लं होऊ देऊ नका. एखादं अडकलं तर आईही जाईल. पुढच्या माजाच्या आधी ऑपरेशन करून टाकू.

अडिवेप्पाला ते पटलं नव्हतं. परतताना वाटेत तो हळहळत राहिला, इतक्या चांगल्या रक्ताची कुत्री, हिच्यापाशीच वंश संपवायचा म्हणजे काय. दुंडव्वा म्हणाली, वंश राहू दे, कुत्री राहू दे. तो विषय तिथेच मिटला असं तिला वाटलं.

ऑपरेशनचा दिवस ठरला होता. त्याआधीच दांडेलीहून जावयाचा फोन आला. ललिताला सातवा लागला होता, वार खाली आहे म्हणून डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचंच नाही असं सांगितलं होतं. बाळंतपणाला माहेरी येणं शक्य नव्हतं. आईनेच जायला हवं होतं.

दुंडव्वाने गिरणीची किल्ली शेजारच्या पोरीकडे दिली आणि केंचीची दोरी भावाच्या हातात. माज येईल तेव्हा खोलीत कोंडून ठेव, लघवीलाही दोरीशिवाय सोडू नकोस, आणि मी आले की पहिलं काम ऑपरेशनचं, असं तिने त्याला चारचारदा बजावलं.

"अक्का, मला शिकवतीस?" तो हसून म्हणाला. "तुझी कुत्री ती माझी कुत्री. तू पोरीकडं बघ."

दांडेलीत दिवस कसे गेले ते तिला कळलं नाही. ललिताला पायांखाली दोन उशा द्यायच्या, पाय चेपायचे, जावयाच्या पाळीप्रमाणे डबा करायचा. मुलगी झाली. मग बाळाचं तेलपाणी, शेक, बाळंतिणीचा डिंक. ललिताच्या छातीत गाठ येऊन ताप चढला तेव्हा तर दुंडव्वा बसल्या बसल्या झोपत होती. तिचा साधा फोन पाण्याच्या बादलीत पडून बिघडला होता, त्यामुळे गावाकडची बोलणी ललिताच्या फोनवरून चालत. केंचीची चौकशी ती रोज करायची. बहुतेक वेळा ललिताच सांगायची, मामाचा फोन आला होता, केंची झकास आहे. कधी भाऊ स्वतः बोलायचा. जेवते का, तर जेवते. माज आला होता का, तर आला होता, खोलीत ठेवली होती, तू काळजी करू नकोस. एकदा ती म्हणाली, चित्र दिसतं तसल्या फोनवर दाखव मला. ललिताने सांगितलं की मामाच्या वस्तीवर चित्र दिसण्याइतकी रेंजच नाही. दुंडव्वाला त्यात काही खोटं वाटायचं कारणच नव्हतं.

बाळाला पाळण्यात घातलं, ललिताची सासू दांडेलीला राहायला आली, आणि दुंडव्वा ठरल्याच्या कितीतरी आधीच निघाली. धारवाडला बस बदलताना जावयाने घेऊन दिलेल्या नव्या फोनवरून तिने भावाला कळवलं. तो आधी विचारत राहिला, आजच? कितीला पोचतेस? मग म्हणाला, बरं झालं, ये, मी केंचीला घेऊन तुझ्या दारातच उभा राहतो.

आणि तो खरंच उभा होता. जानेवारीचं ऊन होतं, हवेत गुऱ्हाळांचा गोड धूर. केंचीच्या अंगावर गोणपाटाची झूल होती, पोटाखाली सुतळीने घट्ट शिवलेली. दुंडव्वाने पिशवी खाली टाकून हात पसरले. केंची आली, पण धावत नाही. पाय काठीसारखे ताठ टाकत आली, तिच्या हाताला नाक लावलं आणि लगेच मान वळवून रस्त्याकडे बघत कुंईकुंई करू लागली.

दुंडव्वाने झुलीचं विचारलं. खरूज झाली होती, अडिवेप्पा म्हणाला. तू शिकवलंस तसं करंजाचं तेल आणि गंधक लावलाय. चाटून काढते म्हणून गोणपाट शिवलं. अजून थोडे दिवस उसवू नकोस, कातडी ओली आहे.

तिला बरं वाटलं. शिकवलेलं भावाच्या लक्षात राहिलं होतं. झुलीला तेलाचा वास येत होता, मानेवर पिवळसर डागही होते. ती इतकी दमली होती की झुलीखाली हात घालून बघण्याचं तिच्या मनात आलं नाही. केंची पुन्हा पुन्हा दोरी ओढत होती, रस्त्याच्या त्याच बाजूला, जिकडे भावाचं गुऱ्हाळ होतं. दुंडव्वाला वाटलं, इतक्या महिन्यांत हिला तिकडचीच सवय लागली. तिला जरा वाईट वाटलं आणि आपल्याला वाईट वाटतंय याचं हसूही आलं.

चहा होईपर्यंत केंची धापा टाकू लागली. थंडीच्या दिवसात, सावलीत बसून, जीभ बाहेर काढून. मग तिच्या कानांच्या बुडाशी आणि मांड्यांवर कातडी थरथरायला लागली, जशी माशी बसल्यावर गुराची थरथरते. ती उठायला गेली आणि मागच्या पायांवर कोसळली. चारही पाय ताठ झाले, मान मागे वळली. दुंडव्वाने थर्मामीटर लावला. पारा वरच्या रेघेपाशी जाऊन थांबला.

"विष खाल्लंय," अडिवेप्पा म्हणाला. "तेग्गींच्या उसात रानडुकरांसाठी काहीतरी टाकलंय म्हणतात. सकाळी ही तिकडं गेली होती. मिठाचं पाणी पाजू, उलटी होऊ दे."

त्याने तांब्या उचललासुद्धा. दुंडव्वाने त्याचा हात धरला. झटके येणाऱ्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं, हे त्याला तिनेच शिकवलं होतं, आणि तो ते विसरेल असा नव्हता. पण तेव्हा ती एवढंच समजली की तो घाबरला आहे. तिने गाडी काढायला सांगितलं. त्याच्याकडे मालाची टमटम होती. तो म्हणाला, या वेळेला डॉक्टर असतील की नाही कोण जाणे, घरीच काहीतरी करू. ती केंचीला उचलून टमटमच्या हौद्यात जाऊन बसली. मग त्याला नाइलाजाने हँडल धरावं लागलं.

मुधोळपर्यंत तिने केंचीचं डोकं मांडीवर धरून ठेवलं आणि ओल्या टॉवेलने तिचे पंजे पुसत राहिली. वाटेत तिने केंचीची पापणी वर केली. पिकावर मारायच्या औषधाची बाधा झाली की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला तार सुटते, हगवण लागते. केंचीची बाहुली मोठी होती, काळी, डोळाभर. तोंड कोरडं होतं. हे विष वाटत नाही, ती मनाशी म्हणाली. मग काय आहे ते मात्र तिला सुचेना, आणि सुचेना म्हणून ती जास्त घाबरली.

डॉक्टर नदाफ दुपारच्या फेरीला निघायच्या तयारीत होते. केंचीला बघताच त्यांनी पिशवी खाली ठेवली. अडिवेप्पाने विषाचं सांगायला सुरुवात केली, कुणाच्या शेतात, किती वाजता, अगदी बारीकसारीक. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचे हात केंचीवर फिरत होते. त्यांनीही पापणी वर केली, ओठ वर केला. मग म्हणाले, ही झूल काढा. अडिवेप्पा पुढे झाला. खरूज आहे, कातडी निघून येईल, झूल राहू द्या, असं तो म्हणत असतानाच डॉक्टरांनी कात्रीने सुतळी कापली.

खरूज नव्हती. पोटाखाली दोन्ही बाजूंना आचळं लोंबत होती, लाल, ताठलेली, पिल्लांच्या नखांनी ओरखडलेली. गोणपाटाचा आतला भाग दुधाने भिजला होता.

डॉक्टरांनी आधी काम केलं. पायाची शीर शोधून कॅल्शियमची सुई लावली, आणि एका हाताने ते औषध इतकं सावकाश सोडत राहिले की सुईतलं पाणी हलतंय की नाही कळू नये. दुसऱ्या हाताने छातीला नळी लावून ठोके ऐकत होते. घाईने दिलं तर काळीज थांबतं, ते म्हणाले, ओली फडकी मांडीत आणि काखेत ठेवा. दुंडव्वा यंत्रासारखी फडकी भिजवत होती, पिळत होती, ठेवत होती. गाय व्याल्यावर आडवी पडते तोच हा दुधाचा ताप. पिल्लं जास्त, आईचं खाणं कमी, अंगातला चुना दुधावाटे निघून जातो आणि मग स्नायू असे ताठ होतात. तिने गाईंना पाहिला होता. कुत्रीला होतो हेही तिला माहीत होतं. फक्त तिच्या कुत्रीला तो व्हायचं कारणच नव्हतं.

हळूहळू पाय सैल पडले. धाप उतरली. केंचीने मान उचलून जांभई दिली, आणि डॉक्टरांनी सुई काढून कपाळाचा घाम पुसला. मग ते दुंडव्वाकडे वळले.

"मी फोटो दाखवून सांगितलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला काही वाटलं नसतं. तुम्हीसुद्धा, दुंडव्वा?"

तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांत ते तिच्याशी या आवाजात बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी नव्हते इथं," ती म्हणाली. तिने मागे वळून बघितलं. अडिवेप्पा खोलीत नव्हता.

डॉक्टर समजले. त्यांनी आवाज खाली आणला. पिल्लं तीनेक आठवड्यांची असतील, कुठेतरी उपाशी असतील. आता आईला लावू नका, पुन्हा हेच होईल. दुकानातली पिल्लांची दुधाची पावडर घ्या, नाही मिळाली तर शेळीचं दूध, वाटीने, दर थोड्या वेळाने. केंची संध्याकाळपर्यंत माझ्या नजरेखाली राहू दे. असं सगळं ते सांगत होते आणि दुंडव्वा मान हलवत होती.

अडिवेप्पा बाहेर टमटमच्या चाकाशी उकिडवा बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"पिल्लं कुठं आहेत?"

"गुऱ्हाळावर," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

ती टमटमच्या हौद्यात चढली. टमटम गुऱ्हाळाच्या वाटेला लागली. मघाशी जिथे केंचीचं डोकं होतं तिथे तिच्या लुगड्यावर ओला डाग होता, आणि तिचं लक्ष त्या डागावरच खिळलं होतं. एवढी मोठी गोष्ट शरीरावर स्पष्ट दिसत होती. लोकांच्या जनावरांचे ओठ उघडून बघणाऱ्या बाईने आपल्या कुत्रीच्या पोटाला हात लावला नव्हता, कारण भाऊ म्हणाला होता की कातडी ओली आहे.

गुऱ्हाळामागच्या छपरीत, चिपाडांच्या ढिगात खळगा करून पोती अंथरली होती. पाच पिल्लं होती. एकावर एक चढून ती रडत होती, आणि अडिवेप्पाची बायको कस्तुरी बोळ्याने त्यांना शेळीचं दूध पाजायचा प्रयत्न करत होती. दुंडव्वाला बघून तिच्या हातातली वाटी सांडली.

दुंडव्वा खाली बसली. एकेक पिल्लू उचलून तिने बघितलं. पोटं फुगलेली, म्हणजे जंत. हिरड्या फिकट. एकाच्या डोळ्यांत पू. तिचे हात आपोआप काम करत होते. मग तिने कस्तुरीला विचारलं की कसं झालं, आणि कस्तुरीने नवऱ्याकडे न बघता सगळं सांगितलं.

लोकापूरच्या एका मोठ्या माणसाचा नामांकित नर होता. माज आला त्याच आठवड्यात अडिवेप्पाने केंचीला टमटममधून तिकडे नेलं. पिल्लांचे बयाणे तेव्हाच घेऊन झाले होते, पहिला त्या लोकापूरच्याच माणसाचा. अक्का पोरीकडेच राहील, आली तरी पावसाळ्याआधी येत नाही, तोवर पिल्लं विकून झालेली असतील, असा त्याचा हिशेब. अमावास्येला व्यायला लागली तेव्हा पहिलं पिल्लू अडकलं. दुपारभर केंची कळा देत होती. कस्तुरी म्हणत होती, डॉक्टरकडे न्या, पण डॉक्टर केंचीला ओळखत होते. शेवटी अडिवेप्पाने तेल लावून हाताने ओढलं. ते मेलेलं निघालं. बाकीची त्यामागून आली. केंची दोन दिवस उभी राहिली नाही.

"मी यांना म्हणत होते, अक्का," कस्तुरी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

अडिवेप्पा दारात उभा होता. आता तो बोलू लागला. आधी वंशाचं, चांगल्या रक्ताचं. मग, तू कधीच हो म्हणाली नसतीस. मग, एक मादी तुझ्यासाठी ठेवणारच होतो, शपथ. दुंडव्वा ऐकत राहिली. ज्या पोराला तिने बोलायला शिकवलं तोच बोलत होता, शब्दही ओळखीचे होते, तरी ती एखाद्या परक्याचं ऐकते आहे असं तिला वाटत होतं.

"ती अडली होती," ती म्हणाली. "दुपारभर. आणि तू त्याच अमावास्येच्या संध्याकाळी मला फोनवर सांगितलंस की भाकरी दोन घास जास्त खाल्ली."

"मी तुला फोन केला होता," तो एकदम म्हणाला. "त्याच दुपारी. माझे हातपाय गळाले होते, अक्का. म्हटलं तू शिव्या दे, काय द्यायचं ते दे, पण काय करू ते सांग. ललिताने उचलला. तिला सगळं सांगितलं मी. ती म्हणाली, अव्वाला यातलं काही सांगायचं नाही. संध्याकाळी तू बोललीस तेव्हा ती शेजारीच बसली होती."

दुंडव्वाच्या हातात डोळे चिकटलेलं पिल्लू होतं. ते तिचं बोट चोखत होतं. तिने ते खाली ठेवलं नाही. कस्तुरीने पाणी आणून दिलं ते तिने घेतलं नाही.

मग तिने कस्तुरीकडून टोपली मागून घेतली, तळाशी पोतं घातलं आणि पाचही पिल्लं त्यात ठेवली. अडिवेप्पा म्हणाला, अक्का, लोकांना शब्द दिलाय. ती म्हणाली, तो तू दिलायस, त्यांना काय सांगायचं ते तूच सांग. टोपली डोक्यावर घेऊन ती गुऱ्हाळाच्या आवारातून बाहेर पडली. तो टमटम घेऊन मागे आला, हॉर्न वाजवला, हळू चालवत राहिला. ती रस्त्याच्या कडेने चालत राहिली. शेवटी ओळखीच्या एका रिक्षाने तिला मुधोळला नेलं.

ललिताचा फोन दुसऱ्या दिवशी आला, नीट पोचलीस का विचारायला. दुंडव्वा पिल्लांना पावडरीचं दूध पाजत होती. केंची पलीकडच्या खोलीत बांधलेली, मधल्या दारावर पंजे मारत होती. आवाज ऐकून ललिताने विचारलं, ते कसलं रडणं?

"केंचीची पिल्लं आहेत," दुंडव्वा म्हणाली.

मग ललिताने विचारलं, केंची वाचली का?

"वाचली. तुला मामाचा फोन आला होता त्या दुपारी?"

"हो."

"मी शेजारच्या खोलीत होते."

"तू न्हाणीघरात होतीस. बाळाचे कपडे धूत होतीस." ललिताचा आवाज बारीक झाला. "मला ताप होता, अव्वा. बाळ छातीला लागत नव्हतं. हे आठ-आठ तास पाळीवर. तुला सांगितलं असतं तर तू निघाली असतीस."

"एका दिवसात परत आले असते."

"आली नसतीस. मला माहीत आहे ना तू कशी आहेस. केंची आजारी होती तेव्हा तू माझ्या साखरपुड्यातून उठून गेली होतीस."

ते खरं होतं. ललिता रडत होती, माफ कर म्हणत होती, आणि मधेच बाळाला थोपटत होती. दुंडव्वा म्हणाली, बाळाला उपाशी ठेवू नकोस, तिला घे आधी. आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती कित्येक दिवस त्या एकाच गोष्टीवर विचार करत राहिली. भावाने केलं ते हावेपोटी केलं, त्याच्यावर रागावता येत होतं, आणि ती पोटभर रागावली होती. पोरीवर तसं रागावता येईना. पोरीला आई हवी होती. पण रोज संध्याकाळी ती कुत्रीचं विचारायची आणि पोर तिच्या तोंडाकडे बघून, झकास आहे गं, म्हणायची, त्या वेळचा ललिताचा चेहरा तिला काही केल्या आठवेना. आपण तिच्याकडे बघितलंच नव्हतं का, की तो चेहरा नेहमीसारखाच होता? नेहमीसारखा असेल, तर याआधी किती वेळा असं झालं असेल? ही शंका एकदा आली ती गेलीच नाही. ती फोन करायची, बाळाचं विचारायची, ललिता सांगायची ते ऐकून घ्यायची. ऐकून घ्यायची, एवढंच.

पिल्लं जगली. डोळे चिकटलेलं सगळ्यांत दांडगं निघालं. जंताचं औषध झालं, पहिली लस झाली, आणि मग दुंडव्वाने स्वतः घरं बघून ती दिली. कुणाकडून काही घेतलं नाही. लोकापूरचा माणूस दोनदा गाडी घेऊन आला, बयाण्याचं बोलला, आणि तिने त्याला अडिवेप्पाचं घर दाखवलं. गावात बोलाचाली झाली. कुत्रीपायी सख्खा भाऊ तोडला, असं काही बायका गिरणीवर दळण ठेवताठेवता म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा बेताने. अडिवेप्पा ओट्यावर यायचा बंद झाला. कस्तुरी कधी येऊन जात असे. चूक त्यांची आहे, पण ते जेवत नाहीत नीट, असं ती म्हणाली तेव्हा दुंडव्वाने तिला शेंगाचटणी बांधून दिली, निरोप मात्र काही दिला नाही.

दूध आटल्यावर, अंग भरल्यावर डॉक्टरांनी केंचीच्या ऑपरेशनचा दिवस दिला. रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या केंचीला घेऊन दुंडव्वा सकाळच्या बसने मुधोळला उतरली. दवाखान्याच्या फाटकाशी अडिवेप्पा उभा होता. कस्तुरीनेच सांगितलं असणार. दाढी वाढली होती, हातात काही नव्हतं.

केंचीने त्याला पाहिलं आणि दोरीला असा हिसडा दिला की दुंडव्वाच्या तळव्याला चटका बसला. सगळं अंग वळवळत, शेपटी गोल फिरवत ती त्याच्याकडे गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि त्याचे हात, मनगटं, हनुवटी चाटू लागली. त्याच हातांनी त्याने तिला लोकापूरला नेलं होतं. तो खाली बसला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागला.

दुंडव्वा दोरी धरून उभी होती. तिने ती ओढली नाही. केंचीच्या मनात काही नव्हतं, तिला तेवढा माणूस ओळखीचा होता, इतके महिने त्याने खायला घातलं होतं. क्षणभर दुंडव्वाला त्या कुत्रीचाही राग आला, आणि मग आपलीच लाज वाटली.

"अक्का," तो म्हणाला, "एकदा काहीतरी बोल."

तिने दोरीचा एक वेढा मनगटाला घेतला. केंचीचं चाटून झालं, ती आपणहून वळली, तेव्हा दुंडव्वा तिला घेऊन आत गेली. डॉक्टरांच्या माणसाने वजनकाट्यावर केंचीला उभं केलं आणि विचारलं, सोबत कोण आलंय, शुद्धीवर येईपर्यंत दोघं लागतील.

"मी एकटीच आहे," दुंडव्वा म्हणाली, आणि पदर खोचून बाकावर बसली.